फाट्यावरचं नेटवर्क

मुंबईहून कोकणात जाणाऱ्या माणसाला पळस्पे गाव क्वचितच माहीत असतं. त्याला माहीत असतो तो पळस्पे फाटा. पनवेल ओलांडलं की इथं रस्ता फुटतो. एक वाट जुन्या मुंबई-पुणे मार्गाने खोपोली आणि बोरघाटाकडे जाते, दुसरी शिरढोण, कर्नाळा, पेण करत गोव्याकडे. उरणच्या बंदरातले कंटेनरही इथं येऊन मिळतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचा पहिला टप्पा ठरला, तोही पळस्पे ते इंदापूर असा, ८४ किलोमीटरांचा. गणपतीच्या आधीच्या दिवसांत इथं होणारी वाहनांची कोंडी ही दरवर्षीची बातमी असते.

कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये हा फाटा ओस पडला. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, दुसऱ्या दिवशी राज्यात संचारबंदी लागली आणि २५ पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. रस्त्यांवर जगणाऱ्या गावाचे रस्तेच बंद झाले. त्यानंतरची दोन वर्षं पनवेल तालुक्यातली आणि पुढे कोकणातली तरुण मुलं शाळेत, कॉलेजात, परीक्षेला, गावच्या गणपतीला आणि लस घ्यायला गेली ती बहुतेक वेळा एकाच वाटेने, हातातल्या फोनमधून. महासाथीच्या इतिहासात रुग्णसंख्या, खाटा, प्राणवायू यांची नोंद झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मुलांच्या त्या दोन वर्षांची नोंद मात्र विखुरलेली आहे. ती जुळवून पाहिली की एक गोष्ट ठळक दिसते. नेटवर्क गावापर्यंत पोहोचणं वेगळं, आणि ते घरातल्या प्रत्येक मुलाच्या हाती पोहोचणं वेगळं.

साथ आली की वाटा अडवायच्या, ही रीत या भागाला नवी नव्हती. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसांनी मुंबई सोडली. रेल्वे स्थानकांवर आणि बंदरांवर प्रवाशांच्या तपासण्या सुरू झाल्या. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने कोरोनासाठी जो कायदा लागू केला, तो हाच, १२३ वर्षांपूर्वीचा. प्लेगच्या काळात शाळा बंद पडली की शिकणंही थांबायचं. गावी गेलेल्या मुलाच्या हाती असलं तर जुनं पुस्तक आणि घरात शिकलेलं कोणी असलं तर त्याची शिकवणी, एवढंच.

साथीत शाळा घरापर्यंत नेण्याचा मोठा प्रयोग पुढे अमेरिकेत झाला. १९३७ च्या सप्टेंबरात शिकागोत पोलिओची साथ पसरली आणि शाळा उघडणं लांबलं. तेव्हा तिसरी ते आठवीच्या तीन लाखांहून अधिक मुलांसाठी रेडिओवरून पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ प्रसारित झाले, त्यांचं वेळापत्रक वर्तमानपत्रांनी छापलं. आवाज नीट येत नाही, धडा फार भरभर जातो, काही घरांत रेडिओच नाही, अशा तक्रारी तेव्हाही झाल्या. ८३ वर्षांनी रायगड जिल्ह्यातल्या पालकांच्या तक्रारी जवळपास याच होत्या. रेडिओच्या जागी मोबाइल आला होता, इतकाच फरक.

मोबाइल त्या जागी येऊन बसला त्याला पंचवीस वर्षं लागली. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. सुरुवातीच्या शहरांत मुंबई होतीच. पनवेलसारख्या गावांत ते आलं सायबर कॅफेच्या रूपाने. प्लायवूडचे आडोसे, तासावर आकारणी, दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी दाराबाहेर गर्दी. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने (एमकेसीएल) एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू केला आणि संगणकाचं प्रमाणपत्र ही मराठी घरांत नोकरीच्या तयारीची पहिली पायरी बनली. मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची स्वस्त मोबाइल सेवा आली. एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजणाऱ्या तरुणाला दिवसाला एक-दीड जीबी मिळू लागला. कॅफे ओस पडले, आडोसे निघाले, उरलेल्या खोल्यांत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मची दुकानं थाटली गेली. २०२० साल उजाडलं तेव्हा नेट होतं, पण ते मुख्यतः करमणुकीचं आणि गप्पांचं साधन होतं. अभ्यास त्यावर कधीमधी होई.

आणि मार्चच्या मध्यावर शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता. तो आधी पुढे ढकलला, नंतर रद्दच झाला आणि मुलांना इतर विषयांच्या सरासरीने गुण मिळाले.

नवं शैक्षणिक वर्ष १५ जूनला सुरू होईल, वर्ग ऑनलाइन भरतील, असं ठरलं. त्याच्या बारा दिवस आधी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग या पट्ट्यात छपरं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले. काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. वीज नाही म्हणजे टॉवर बंद, टॉवर बंद म्हणजे रेंज नाही, आणि रेंज असती तरी फोन चार्ज कुठे करणार? महाराष्ट्रात ऑनलाइन शाळेची पहिली घंटा वाजली तेव्हा एकाच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पनवेलच्या वसाहतींत, मुलं झूम आणि गूगल मीटच्या चौकटींत बसली होती, आणि दक्षिण टोकाला मुलं आईबापांना घरावर पत्रे चढवायला मदत करत होती.

त्याच सुमारास पळस्पे परिसरात इंटरनेटचं एक अवाढव्य घर उभं राहिलं होतं. फाट्यावरून जुन्या पुणे रस्त्याने पुढे गेलं की हिरानंदानींची वसाहत लागते. तिथल्या योट्टा एनएम-१ या डेटा सेंटरचं उद्घाटन ७ जुलै २०२० रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि केंद्रीय मंत्री रविशंकर प्रसाद यांनी केलं, तेही दूरदृश्य प्रणालीद्वारे. सर्व्हरचे ७,२०० रॅक मावतील एवढी त्याची क्षमता. देशाच्या कानाकोपऱ्यातली माहिती साठवणारी यंत्रं अशी तालुक्यात येऊन बसली आणि त्याच तालुक्याच्या वाड्या-पाड्यांवर, डोंगरकडेच्या ठाकूर आणि कातकरी वस्त्यांत, एका फोनवर दोन-तीन भावंडांचा अभ्यास कसा बसवायचा हा प्रश्न होता. असं सेंटर वस्तीजवळ आलं म्हणून वस्तीची रेंज वाढत नाही. त्याची वीज, त्याच्या फायबरच्या वाहिन्या, त्याचे ग्राहक सगळे वेगळे. महासाथीतलं इंटरनेट म्हणजे नेमकं कोणाचं, हा प्रश्न या दोन दृश्यांइतका उघडपणे क्वचित कुठे मांडला गेला असेल.

आकडे हेच सांगतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, शहरी घरांत ४२ टक्के. संगणक ग्रामीण भागात ४.४ टक्के घरांत. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेतल्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेलं. दोन वर्षांत एवढे फोन घरात आले! त्यामागे किती घरांनी काय गहाण ठेवलं, कुठला खर्च मागे सारला, याची नोंद कुठल्या तक्त्यात नाही. आणि फोन घरात आला म्हणून तो मुलाला मिळाला असंही नाही. २०२१ च्या पाहणीत घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळतच नव्हता. कारण समजण्यासारखं आहे. टाळेबंदी सैल झाली तसा फोन कामावर जाणाऱ्या माणसाबरोबर सकाळी घराबाहेर पडू लागला. रिक्षा चालवणाऱ्याचा, गोदामात हमाली करणाऱ्याचा, सोसायटीच्या गेटवर बसणाऱ्याचा फोन संध्याकाळी घरी येई, आणि त्यानंतर मुलं दिवसभराचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश उघडत.

कारण शाळा प्रत्यक्षात भरत होती ती व्हॉट्सअ‍ॅपवर. थेट वर्ग खासगी आणि शहरी शाळांत चालले. जिल्हा परिषदेच्या आणि बहुसंख्य अनुदानित शाळांत शिक्षक सकाळी गटावर धड्याची लिंक, व्हिडिओ, गृहपाठाचा फोटो टाकत आणि मुलं वहीचा फोटो काढून परत पाठवत. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला अशीच गटागटांतून रोज पसरत गेली. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आधीपासून होते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत त्यांचा प्रयोग करणारे रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, तो सोहळाही ऑनलाइनच झाला.

ज्यांच्याकडे नेट नव्हतं त्यांच्यासाठी जुनी माध्यमं पुन्हा बाहेर आली, आणि ती फार मोलाची ठरली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. घर, अंगण, स्वयंपाकघरातल्या वस्तू घेऊन शिकायचं, अशी तिची रचना होती. तिला डेटा लागत नव्हता, रिचार्ज लागत नव्हता. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ चालवली. ध्वनिक्षेपकावर धडे लावायचे आणि मुलांनी अंतर राखून मोकळ्यावर बसायचं. शिक्षकांनी ओसरीवर, देवळाच्या सभामंडपात, झाडाखाली चार-सहा मुलांचे वर्ग घेतल्याच्या हकिगती राज्यभरातून आल्या. महाराष्ट्राचं ऑनलाइन शिक्षण टिकलं त्यात या ऑफलाइन माणसांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांची नावं बहुतेक ठिकाणी लिहून ठेवलेली नाहीत.

कॉलेजच्या मुलांची गोष्ट वेगळी. पळस्प्याहून सुटणारा गोवा महामार्ग महाराष्ट्रात ज्या तीन जिल्ह्यांतून जातो, ते रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग तिन्ही मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. शहरात शिकणारी कोकणातली मुलं टाळेबंदीत गावी अडकली किंवा नंतर गावी परतली, आणि वर्ग ऑनलाइन झाले तेव्हा डोंगराच्या कुशीत रेंज शोधत फिरू लागली. सिंधुदुर्गातली एक मुलगी मुंबईत पशुवैद्यक शिकत होती. गावात नेटवर्क नाही म्हणून ती डोंगरावर उभारलेल्या झोपडीत भर पावसात अभ्यास करत बसे. ऑगस्ट २०२० मध्ये तिची बातमी देशभर गेली आणि मग यंत्रणा हलली, गावात इंटरनेटची सोय झाली. बातमी न झालेल्या डोंगरांवरची मुलं तशीच बसत राहिली.

अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाहीत, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी नाही असं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपात ऑनलाइन सुरू झाल्या. ६ ऑक्टोबरला दूरशिक्षण संस्थेच्या परीक्षेची यंत्रणा कोलमडली. विद्यापीठाने सायबर हल्ल्याचं कारण दिलं. मग १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईसह सगळ्या महानगर पट्ट्याची वीज गेली. लोकल थांबल्या, वायफाय बंद झालं, त्या दिवशीचे पेपर पुढे ढकलावे लागले. वर्षानुवर्षं परीक्षेच्या दिवशी मुलं गाडी चुकेल म्हणून धास्तावत. आता बॅटरी किती टक्के उरली आहे आणि हॉटस्पॉट कोणाकडून मिळेल याची धास्ती होती.

अकरावीच्या प्रवेशाचीही तीच तऱ्हा. मुंबई महानगर क्षेत्राची प्रवेशप्रक्रिया ऑनलाइन होती आणि पनवेल महापालिकेचा भाग त्यात येत होता. ९ सप्टेंबर २०२० रोजी मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि प्रवेशाच्या याद्या मध्येच थांबल्या. दहावी उत्तीर्ण झालेली मुलं कित्येक आठवडे रोज संकेतस्थळ उघडून पाहत राहिली. ना शाळेची, ना कॉलेजची, अशी ती पिढी.

घरातल्या तरुणाचं स्थान मात्र याच काळात बदललं. मे २०२० मध्ये चाकरमानी पायी कोकणाकडे निघाले होते, कोणी महामार्गाने, कोणी रेल्वे रुळांवरून. पुढे जिल्ह्याबाहेर जायला पोलिसांचा ई-पास लागू लागला. अर्ज ऑनलाइन, कागदपत्रं स्कॅन करून चढवायची, छायाचित्र ठरावीक आकारातच हवं. ही कामं घरात कोण करणार? दहावी-बारावीतली मुलगी किंवा मुलगा. त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. कोकणात जाणाऱ्यांना विलगीकरणाचे दिवस पाळायचे होते आणि उशिरा निघणाऱ्यांना चाचणी करावी लागत होती. ज्यांना जाता आलं नाही त्यांनी गावच्या घरातली आरती व्हिडिओ कॉलवर पाहिली. फोन कुठे टेकवला की मूर्ती आणि आजी दोघी चौकटीत येतील हे नातवंडांनी ठरवलं. तोवर मोबाइलवरून मुलांना रागावणाऱ्या घरांत त्याच मुलांकडे विनवणी होऊ लागली, जरा हे बघ ना रे, काय म्हणतंय ते.

पळस्प्याजवळच्या कोन इथे भाड्याच्या घरांच्या योजनेतल्या इमारती आहेत. त्यातली घरं २०१६ मध्ये सोडतीत गिरणी कामगारांना लागली होती. ताबा मिळण्याआधीच महासाथ आली आणि पालिकेने त्या इमारती विलगीकरणासाठी वापरल्या. तिथल्या खोल्यांत आणलेल्या माणसांना घराशी जोडणारं साधन पुन्हा फोन हेच होतं.

करमणुकीचीही नोंद घ्यायला हवी, कारण मुलांच्या दिवसाचा मोठा भाग तिनेच व्यापला होता. गावागावांतल्या तरुणांनी टिकटॉकवर मालवणी, आगरी, अहिराणी, वऱ्हाडी बोलीत छोटे व्हिडिओ करून स्वतःचा प्रेक्षक मिळवला होता. सिनेमा-नाटकांत क्वचित ऐकू येणारी आगरी बोली तिथं अभिमानाने बोलली जात होती. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी आली आणि तो प्रेक्षक एका रात्रीत गेला. २ सप्टेंबरला पबजी हा खेळही बंद झाला. काहींनी इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर नव्याने सुरुवात केली, काहींची उमेद तिथंच संपली. पालकांना त्या बंदीने हायसं वाटलं असेल. पण बाहेर पडायला मनाई असलेल्या मुलासाठी खेळाचं मैदान आणि मित्रांचा कट्टा त्या अ‍ॅपमध्येच होता, हेही तितकंच खरं.

२०२१ चा एप्रिल-मे आणखी कठीण होता. दुसऱ्या लाटेत खाट, प्राणवायू, प्लाझ्मा यांच्या याद्या तरुणांनी ट्विटर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालवल्या, फोन करून खातरजमा केली, जुने संदेश बाद केले. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली, पण ‘कोविन’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी सक्तीची. नोंदणीच्या वेळा काही क्षणांत भरून जात. जलद नेट आणि सराईत बोटं असलेली शहरी मुलं ग्रामीण आरोग्य केंद्रांतल्या वेळा पटकावत, आणि गाडी काढून तिथे लस घ्यायला जात. केंद्राशेजारी राहणाऱ्या तरुणाला मात्र आपल्याच गावात नंबर मिळेना. राज्यात ठिकठिकाणी यावरून वाद झाले. ज्या रस्त्यांवर वर्षभरापूर्वी माणसं पायी गावाकडे गेली, त्यांवरून आता शहर गावातल्या लसीसाठी येत होतं.

त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही. १६ जुलैला अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ टक्के निकाल लागला आणि निकालाचं संकेतस्थळ कित्येक तास उघडलं नाही. शाळा ४ ऑक्टोबर २०२१ ला टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बंद झाल्या, २४ जानेवारीपासून पुन्हा उघडू लागल्या. मग ३१ जानेवारीला एक वेगळीच घटना घडली. ‘हिंदुस्तानी भाऊ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकास पाठक यांनी इन्स्टाग्रामवरून केलेल्या आवाहनानंतर धारावीत शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांच्या घराबाहेर मोठ्या संख्येने दहावी-बारावीचे विद्यार्थी जमले. मागणी होती ऑनलाइन परीक्षेची. पाठक यांना दुसऱ्या दिवशी अटक झाली. बातम्यांत या मुलांची खूप हेटाळणी झाली. पण दोन वर्षं जगाने त्यांना ज्या फोनमध्ये बसवलं, त्याच फोनवरून ती रस्त्यावर आली होती, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. परीक्षा ऑफलाइनच झाली, परंतु मंडळाने अभ्यासक्रम पंचाहत्तर टक्के ठेवला, शाळा तिथे केंद्र दिलं आणि सत्तर ते शंभर गुणांच्या पेपरला अर्धा तास वाढवून दिला. मुलांची लिहिण्याची सवय मोडली आहे, हे त्या अर्ध्या तासात सरकारने मान्यच केलं.

या दोन वर्षांची खूण पुढेही राहिली. ‘असर’ने २०२३ मध्ये १४ ते १८ वयोगटाची पाहणी केली तेव्हा जवळपास नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. तो वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. घरापर्यंत आलेलं नेट मुलीच्या हाती अजून निम्म्यानेही पोहोचलेलं नव्हतं.

जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली मुलं २०३० च्या मार्चमध्ये दहावीला बसतील. त्यांनी बाराखडी वर्गाच्या फळ्यावर पाहण्याआधी पडद्यावर पाहिली, किंवा पाहिलीच नाही. पनवेल तालुक्यातल्या शाळांकडे त्या वर्षांच्या हजेरीच्या नोंदी आहेत. शिक्षकांच्या जुन्या फोनमध्ये पाठवलेले धडे, वहीचे फोटो, पालकांचे आवाजी निरोप पडून आहेत, आणि फोन बदलला की ते पुसले जातात. ग्रामपंचायतींनी, शाळांनी, तालुक्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी ते आत्ताच गोळा करायला हवेत: कोणत्या वाडीत किती फोन होते, कोण कोणाच्या हॉटस्पॉटवर शिकलं, कोणती मुलगी शाळेत परत आलीच नाही.